संत पौलांच्या बेटावरील परंपरा : त्या आल्या कुठून?



दर गुरुवारी आपल्या घराघरांत रोझरीची प्रकाशाची रहस्ये म्हटली जातात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ती रोझरीला जोडली, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेही सांगतील. परंतु त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी, म्हणजे १९५७ साली, माल्टा नावाच्या छोट्या बेटावरील एका धर्मगुरूने आपल्या शिष्यांच्या खासगी प्रार्थनेसाठी पाच 'प्रकाशाची रहस्ये' लिहून दिली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फादर जॉर्ज प्रेका (१८८०-१९६२) हे त्यांचे नाव. आज आपण म्हणतो ती रहस्ये आणि फादर प्रेकांची रहस्ये तंतोतंत एक नाहीत. त्यांच्या यादीत काना गावचे लग्न नव्हते, पर्वतावरील धन्योद्गार होते. पण बाप्तिस्म्यापासून सुरुवात, पुढे प्रभूचे रूपांतर आणि शेवटी प्रेषितांबरोबरचे भोजन हा क्रम दोन्हींत आहे, आणि नावही तेच आहे.

या फादर प्रेकांनी १९०७ साली गोदी-बंदरात आणि कारखान्यांत काम करणाऱ्या साध्या तरुणांना जमवून शुभवर्तमान शिकवायला सुरुवात केली. पुढे त्याच तरुणांनी इतरांना शिकवायचे, अशी त्यांची रीत होती. लॅटिन न येणाऱ्या सामान्य माणसांनी लोकभाषेत पवित्र शास्त्र शिकवावे, ही गोष्ट त्या काळी अनेकांच्या भुवया उंचावणारी होती. १९०९ साली हे वर्ग बंद करण्याचा वरून आदेश आला. तो पुढे मागे घेण्यात आला, मात्र संस्थेला रीतसर मान्यता मिळायला १९३२ साल उजाडले. प्रेकांना २००१ साली धन्यवादित म्हणून व २००७ साली संत म्हणून घोषित करण्यात आले. आपल्या धर्मग्रामात दर रविवारी मुलांना शिकवणाऱ्या बंधुभगिनींनी या संताची ओळख करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

आज मात्र मी फादर प्रेकांचे चरित्र सांगायला बसलेलो नाही. त्यांच्या निमित्ताने एक वेगळाच प्रश्न हाती घ्यायचा आहे. एखादी प्रार्थना, एखादा सण, एखादी रीत आपली म्हणून आपण पाळतो. ती मुळात कुठून आली हे कळले की काहींची श्रद्धा डगमगते, तर काहीजण ती रीतच टाकून द्यायला निघतात. "फादर, हे आपले की हिंदूंचे? मग ते करावे की न करावे?" हा प्रश्न लग्नसराईत आणि नाताळच्या सुमारास मला नेहमी विचारला जातो. त्याचा विचार जरा दूरच्या बेटावर जाऊन केला तर अधिक शांतपणे करता येईल. माल्टाइतका या प्रश्नासाठी योग्य देश दुसरा क्वचितच सापडेल.

माल्टा हा भूमध्य समुद्रातला, सिसिलीच्या दक्षिणेचा द्वीपसमूह. क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ निम्मे. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. एवढ्याशा जागेत तीनशेहून अधिक चर्चेस. ख्रिस्ताच्या आधी सातशे-आठशे वर्षे तिथे फिनिशियन दर्यावर्दी आले, मग रोमन आले. इसवी सन ८७० मध्ये अरबांनी बेट घेतले. त्यानंतर सिसिलीचे नॉर्मन राजे, १५३० पासून १७९८ पर्यंत संत योहानाच्या संघाचे सरदार, मग दोन वर्षे फ्रेंच, आणि १९६४ पर्यंत इंग्रज. प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवले.

मिलिता बेट आणि सापाच्या जिभा

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे २७ आणि २८ हे अध्याय आपण वाचले असतील. संत पौलांना कैदी म्हणून रोमला नेत असताना जहाज वादळात सापडले. जहाजावर २७६ माणसे होती, हा आकडा संत लूकने नोंदवला आहे. जहाज फुटले, पण सर्वजण किनाऱ्याला लागले. ते बेट मिलिता, म्हणजेच आजचे माल्टा. बेटावरच्या लोकांनी पाऊस व थंडी म्हणून शेकोटी पेटवली. त्या लाकडांतून साप निघून पौलांच्या हाताला डसला, पण त्यांना काही झाले नाही. बेटाचा मुख्य पुब्लियस याच्या आजारी पित्याला पौलांनी बरे केले, आणि तीन महिन्यांनी ते पुढे निघाले. हा प्रसंग इसवी सन ६० च्या सुमाराचा. १० फेब्रुवारी रोजी माल्टात या नौकाभंगाचा सण होतो, त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि राजधानी व्हॅलेटाच्या रस्त्यांतून संत पौलांच्या लाकडी पुतळ्याची मिरवणूक निघते. हा पुतळा सतराव्या शतकातला, मेल्किओरे काफा या माल्टाच्याच मूर्तिकाराचा.

पवित्र शास्त्रात आहे ते एवढेच. आता लोकांनी त्याला काय जोडले ते पाहा. माल्टात विषारी साप नाहीत, कारण पौलांनी सापांना शाप दिला, असे म्हटले जाऊ लागले. तिथल्या मऊ चुनखडीच्या खडकात त्रिकोणी, टोकदार, चकचकीत दगड सापडत. ह्या त्या शापित सापांच्या दगड झालेल्या जिभा आहेत, अशी समजूत पसरली. त्यांना 'संत पौलांच्या जिभा' म्हणत. ज्या अर्थी त्या विषावर विजय मिळवणाऱ्या संताच्या, त्या अर्थी त्या विषावरचा उतारा! युरोपभर त्यांची विक्री होई. राजेरजवाड्यांच्या मेजावर त्या चांदीत मढवून ठेवत आणि पेल्यातल्या द्राक्षरसात बुडवत, कोणी विष घातले असेल तर ते उतरावे म्हणून. रबात गावाजवळच्या ज्या गुहेत संत पौल राहिले असे मानतात, तिथल्या दगडाची पूडसुद्धा औषध म्हणून देशोदेशी जाई. कितीही दगड खोदून नेला तरी गुहा मोठी होत नाही, असे भाविक सांगत.

१६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळच्या समुद्रात एक प्रचंड शार्क मासा सापडला. तोस्कानाच्या ड्यूकने त्याचे डोके फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो नावाच्या तरुण डॅनिश वैद्याकडे चिरफाड करून तपासायला पाठवले. स्टेनोने त्या जबड्यातले दात पाहिले, आणि ते थेट माल्टाच्या 'जिभां'सारखे आहेत हे त्याच्या ध्यानात आले. १६६७ साली त्याने आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हे सापाच्या जिभेचे दगड नव्हेत, हे प्राचीन शार्कचे दात आहेत आणि ते ज्या खडकात सापडतात तो खडक कधीकाळी समुद्रतळाचा गाळ होता, अशी त्याची मांडणी होती. तोच विचार पुढे नेऊन त्याने खडकांच्या थरांचा जो अभ्यास केला, त्याला आज भूगर्भशास्त्राचा पाया मानतात. शार्कच्या दातांची शंका याआधी इतरांनीही बोलून दाखवली होती, परंतु पुराव्यासह ती पटवली स्टेनोने.

आता खरी गंमत पुढे आहे. संत पौलांच्या नावे चाललेली ही समजूत मोडून काढणारा हा माणूस नास्तिक झाला असेल असे कोणाला वाटेल. स्टेनो जन्माने लुथरपंथी. त्याच १६६७ साली त्याने कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, १६७५ मध्ये तो धर्मगुरू झाला, १६७७ मध्ये बिशप झाला, आणि अत्यंत गरिबीत राहून १६८६ साली मरण पावला. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले. ज्या हातांनी 'जिभां'चा चमत्कार काढून घेतला, तेच हात पुढे वेदीवर भाकर उचलत होते.

संत लूकने सापाच्या शापाविषयी किंवा जिभांविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. माणसांनी जोडलेले गळून पडले, लूकने लिहिलेले जागच्या जागी राहिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवताना आमचे प्राध्यापक एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेत : एखाद्या गोष्टीचा उगम कोणता हा एक प्रश्न, ती खरी आहे का हा दुसरा, आणि आज ती कशासाठी आहे हा तिसरा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहू नये. परीक्षेपुरते मी हे पाठ केले होते. धर्मग्रामात आल्यावर त्याचा खरा उपयोग कळला.

अल्ला, ईद आणि रमजान

माल्टाच्या परंपरांतली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे तिथली भाषा. माल्टी भाषा ही सिसिलीतल्या जुन्या अरबीची लेक आहे. नंतर तिच्यात इटालियन शब्दांचा मोठा भरणा झाला, आणि ती रोमन लिपीत लिहिली जाते. २००४ मध्ये माल्टा युरोपीय संघात आला तेव्हा त्या संघाच्या अधिकृत भाषांत शिरलेली ती एकमेव सेमिटिक भाषा ठरली. या भाषेत कॅथोलिक माणूस परमेश्वराला काय म्हणतो? 'अल्ला'. उपवासकाळाला काय म्हणतो? 'रंदान'. हा शब्द रमजानवरून आला. पुनरुत्थानाचा सण म्हणजे 'ईद', आणि नाताळ म्हणजे 'मिलीद', जन्म या अर्थाचा तोच शब्द जो आपण ईद-ए-मिलादमध्ये ऐकतो. शुक्रवार म्हणजे जुम्म्याचेच एक रूप. नमो मरियेची सुरुवात 'सलाम'च्या माल्टी भावंडाने होते. स्वर्गाची राणी पवित्र मरिया ही 'सुल्ताना' आहे, आणि 'हे आमच्या बापा' या प्रार्थनेत ज्या राज्याची आपण वाट पाहतो त्याला ते जो शब्द वापरतात तो आपल्या ओळखीच्या 'सल्तनत'चा सख्खा भाऊ आहे. जग म्हणजे दुनिया, पुस्तक म्हणजे किताब, आत्मा म्हणजे रूह. उच्चार थोडे वेगळे, पण मराठी माणसाला सहज ओळखू येतील असे. ख्रिस्ती माणसासाठी त्यांचा शब्द 'निस्रानी'. केरळातील संत थॉमसचे ख्रिस्ती स्वतःला नसराणी म्हणवतात, तोच हा शब्द. बेटावरची जुनी राजधानी इमदिना, म्हणजे मदिना, म्हणजे नुसते 'शहर'.

हे घडले कसे? अरबांची सत्ता ८७० साली आली. नॉर्मन काउंट रॉजर १०९१ साली बेटावर उतरला, आणि त्याच्या मुलाने ११२७ मध्ये सत्ता पक्की केली. यानंतरही कित्येक वर्षे तिथे मुसलमान लोकवस्ती मोठी होती. तेराव्या शतकापर्यंत बेट हळूहळू ख्रिस्ती झाले, पण लोकांनी तोंडातली भाषा बदलली नाही. देवासाठी, उपासासाठी, सणासाठी जे शब्द जिभेवर होते तेच त्यांनी नव्या श्रद्धेला दिले.

इथे एक अवघड मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. माल्टाच्या लोकांची पिढ्यान् पिढ्या अशी श्रद्धा होती की संत पौलांनी लावलेला दिवा अरबांच्या काळातही कधी विझला नाही. १६४७ साली जान फ्रान्चेस्को आबेला या विद्वानाने आपल्या ग्रंथात ही बाजू जोरात मांडली. पण अल-हिम्यारी या अरब लेखकाच्या नोंदीनुसार ८७० च्या हल्ल्यानंतर बेट ओसाड पडले होते, आणि १०४८-४९ च्या सुमारास तिथे पुन्हा वस्ती झाली. ही नोंद किती शब्दशः घ्यावी यावर इतिहासकारांत वाद आहे. मात्र पौलांपासून आजपर्यंत अखंड साखळी दाखवणारा पुरावा नाही, हे बहुतेक जण मान्य करतात. रबातच्या भूमिगत कबरस्तानांत ख्रिस्ती लोकांच्या खुणा दिसतात त्या चौथ्या-पाचव्या शतकापासूनच्या. खडकात कोरलेली गोल मेजे तिथे आजही आहेत, मृतांच्या आठवणीत एकत्र जेवण्यासाठी केलेली. त्याच परिसरात यहुदी लोकांच्या कबरींवर सात दिव्यांची समईही कोरलेली आहे.

आबेलासारख्या माणसाला अखंड साखळीची एवढी गरज का वाटावी? माझ्या मते कारण श्रद्धेपेक्षा लाजेत अधिक आहे. अरबीसारखी भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांकडे त्या काळचा युरोप संशयाने पाहत असे. मग आपली भाषा अरबी नसून त्याहून प्राचीन फिनिशियन किंवा कार्थेजची आहे, असे सिद्ध करण्याचा खटाटोप सुरू झाला. गोझो बेटावरचे एक विद्वान धर्मगुरू आजियुस दे सोल्दानिस यांनी १७५० साली त्यावर पुस्तकच लिहिले. आज भाषातज्ज्ञ ते मानत नाहीत. आपल्याकडेही सामवेदी किंवा वाडवळी घरातच ठेवून बाहेर 'शुद्ध' बोलण्याची धडपड आपण पाहिली आहे, तेव्हा त्यांना हसण्याचे कारण नाही. माल्टाच्या आजीला याची गरजच पडली नाही. ती 'अल्ला' म्हणत राहिली, आणि तिची प्रार्थना ज्याला पोचायची त्याला पोचत राहिली.

मराठीत हेच काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात त्यांनी आपल्या मातीतले, इथल्या पुराणांतले शब्द घेतले आणि त्यांत येशूची कथा सांगितली. परमेश्वर, आत्मा, उपास हे शब्द आपण कुठून आणले? शेजाऱ्याकडून आणले. आणि फेस्त, पाद्री, पाव हे पोर्तुगीजांकडून.

फेस्ता

आपले फेस्त पोर्तुगीजांकडून आले तर माल्टाचे फेस्ता इटालियनांकडून. मूळ लॅटिन शब्द एकच. उन्हाळ्यात तिथल्या गावोगावी आपापल्या संताचा सण साजरा होतो. रस्त्यांवर कापडी पताका, खांद्यावरून निघालेला संताचा पुतळा, बँड, कागदाच्या तुकड्यांचा पाऊस, आणि आकाशात दारूकाम. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या ग्रामफेस्ताला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

पण यातले मूळचे धार्मिक किती? दारूकामाची सुरुवात सरदारांच्या काळात झाली. नवा मुख्य सरदार निवडला गेला किंवा युरोपातल्या एखाद्या राजघराण्यात पुत्र जन्मला की तोफा-बंदुकांची सलामी देत, आनंदाचे दारूकाम करत. दरबारी थाट तो, पुढे गावाने आपल्या संतासाठी उचलला. बँड आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, इंग्रज पलटणींच्या आणि इटलीतल्या वाद्यवृंदांच्या अनुकरणातून. मग एका गावात दोन बँड, दोन क्लब, दोन संत, आणि दोघांतली चुरस! एका गटाचा संत मुख्य, तर दुसऱ्या गटाने दुसऱ्या संताचा सण तितकाच दणक्यात करायचा. तिथल्या बिशपांना या भांडणांत अनेकदा नियम घालावे लागले. हे वाचून आपल्यापैकी कोणाला आपल्या जवळपासच्या एखाद्या गावाची आठवण झाली तर तो योगायोग समजावा.

२९ जूनला संत पेत्र व संत पौल यांचा सण असतो. त्याला माल्टात 'इमनार्या' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'लुमिनारिया' म्हणजे दिव्यांची आरास यावरून आला, कारण त्या रात्री इमदिनाच्या तटावर आणि परिसरात शेकोट्या व दिवे लावत. बुस्केत नावाच्या राईत लोक रात्र जागवतात, गातात, आणि सशाचे मटण खातात. सशाचेच का? सरदारांनी शिकारीवर कडक निर्बंध घातले होते, त्यामुळे ससा हे सामान्य माणसासाठी दुर्मिळ आणि हवेहवेसे अन्न झाले. या निर्बंधांवरून लोकांत मोठा असंतोष होता. सप्टेंबर १७७५ मध्ये तर काही धर्मगुरूंच्या पुढाकाराने सरदारांविरुद्ध उठाव झाला. तो लवकरच मोडून काढण्यात आला. एका सणाच्या ताटात असा सारा इतिहास वाढलेला असतो.

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. आपण त्या सुमारास वांद्र्याच्या जत्रेला मोतमाऊलीला जातो. माल्टात त्या दिवसाचे नाव 'विजय'. १५६५ सालच्या तुर्कांच्या मोठ्या वेढ्याचा शेवट त्या सुमारास झाला म्हणून हे नाव. १८०० सालच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रेंच शरण आले आणि १९४३ मध्ये नेमक्या ८ तारखेला इटलीची शरणागती जाहीर झाली, त्याही आठवणी पुढे त्याच दिवसाला येऊन चिकटल्या. सण चर्चचा, जुना, साऱ्या जगाचा. पण माल्टाच्या माणसाला तो आपल्या घराचा वाटतो तो या आठवणींमुळे. १५ ऑगस्टचेही तसेच. १९४२ साली बेट उपासमारीच्या उंबरठ्यावर असताना चौदा मालवाहू जहाजांचा तांडा निघाला, त्यातली पाचच पोचली, आणि शेवटचे, 'ओहायो' हे तेलवाहू जहाज, मोडक्या अवस्थेत नेमके स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी बंदरात ओढत आणले गेले. माल्टाचे लोक त्या तांड्याला आजही संत मरियेचा तांडा म्हणतात.

अंधारातले अंकुर

आता त्या नेहमीच्या प्रश्नाकडे येतो. माल्टात नाताळच्या चार-पाच आठवडे आधी घरोघरी 'जुलबीना' नावाच्या कडधान्याचे दाणे कापसावर पसरून बंद कपाटात ठेवतात. उजेड न मिळाल्याने अंकुर पांढरेशुभ्र, केसासारखे लांब वाढतात. हे पांढरे गवत गोठ्यातल्या बाळ येशूभोवती मांडतात. पवित्र गुरुवारी ख्रिस्तशरीर ठेवलेल्या वेदीभोवतीही ते दिसते. सिसिली आणि सार्दिनियातही पवित्र सप्ताहात अशीच रीत आहे. जुन्या ग्रीसमध्ये अडोनिस या देवाच्या उत्सवात स्त्रिया कुंड्यांत झटपट उगवणारी रोपे लावत, त्याच्याशी अभ्यासक या रीतीची तुलना करतात. थेट वंशावळ दाखवणारा कागद कोणाकडे नाही, साम्य मात्र डोळ्यांत भरणारे आहे.

आपणही नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी किंवा गहू पेरतो. शेजारच्या घरी नवरात्रात घटाभोवती धान्य उगवलेले असते. मग हे कोणाचे? माझे सरळ उत्तर असे की बी पेरून त्याचा अंकुर पाहण्याचा आनंद कोणत्याच धर्माच्या मालकीचा नाही. शेतकरी माणसाची ती पहिली प्रार्थना आहे. माल्टाच्या आईने तो अंकुर बेथलेहेममध्ये, म्हणजे त्या शब्दाच्या अर्थाप्रमाणे 'भाकरीच्या घरात' नेऊन ठेवला. ज्या घरात अंकुर उगवतात पण आगमनकाळात एकदाही पवित्र मिस्सेला कोणी येत नाही, त्या घराची मला काळजी वाटते. नाचणी कोणाची, याची नाही.

सगळेच मात्र असे सामावून घेता येत नाही, हेही सांगायला हवे. माल्टाच्या रंगीत मासेमारी होड्यांच्या पुढच्या टोकावर दोन डोळे रंगवतात. ही चाल फिनिशियनांपासूनची असे मार्गदर्शक पुस्तके ठासून सांगतात. होडीवर बहुधा एखाद्या संताचे नावही असते. तो डोळा दृष्ट टाळतो, असे ज्याला खरोखर वाटत असेल त्याने संताचे नाव पुसून टाकावे, कारण दोन्हींवर एकाच वेळी भिस्त ठेवता येत नाही. ज्याला तो केवळ आजोबांच्या होडीचा रंग वाटतो त्याने खुशाल रंगवावा. तसेच तिथल्या अनेक चर्चेसच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळे असतात. सैतानाला मिस्सेची खरी वेळ कळू नये म्हणून एक चुकीचे, असे सांगतात! प्रत्यक्षात इमदिनाच्या कॅथेड्रलवर एक घड्याळ वेळ दाखवते आणि दुसरे तारीख. इतर काही ठिकाणी दुसरे घड्याळ नुसते रंगवलेले असते, समोरची बाजू सारखी दिसावी म्हणून. सैतानाला फसवायला एवढे पुरत असते तर आम्हा धर्मगुरूंचे काम बरेच हलके झाले असते.

आणि ज्याला आपण 'माल्टाचा क्रूस' म्हणतो तो आठ टोकांचा क्रूससुद्धा मूळचा माल्टाचा नाही. इटलीतल्या अमाल्फी बंदराच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय उभारले, त्यातून संत योहानाचा संघ निर्माण झाला, आणि या क्रुसाचे नाते त्या अमाल्फीशी सांगतात. संघ माल्टात आला तो १५३० साली.

आजच्या रविवारी घरी प्रेषितांच्या कृत्यांचा २८ वा अध्याय सर्वांनी मिळून वाचावा. साप आणि शेकोटी आपण लक्षात ठेवतो, पण पुढे अकराव्या ओवीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तीन महिन्यांनी संत पौल माल्टाहून निघाले ते अलेक्झांड्रियाच्या एका जहाजातून. त्या जहाजाच्या नाळेवर कास्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांची निशाणी होती. खलाशांचे ते राखणदार देव. संत लूकने ही निशाणी मुद्दाम नोंदवली आहे, आणि तिच्याविषयी बरे-वाईट काहीही म्हटलेले नाही. पौल त्या जहाजात चढले, आणि शुभवर्तमान रोमला पोचले.